'त्याला यायला सांग', 'तिला जाऊ दे', 'मला थांबायला लावलं': इंग्रजीत 'टू' कधी लावायचा आणि कधी नाही

माझ्याकडे संध्याकाळच्या बॅचला एक ताई येतात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला असतात. मराठी पेशंट असला की काही प्रश्न नाही, पण इंग्रजी बोलणारं कोणी आलं की बोलता बोलता मधेच अडकतात. एकदा त्यांनी जे बोलल्या होत्या ते तसंच म्हणून दाखवलं, 'डॉक्टर सेड यू टू कम फास्टिंग टुमॉरो'. पेशंटला कळलं, तो दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आलासुद्धा, पण ताईंना स्वतःलाच जाणवत होतं की काहीतरी चुकतंय, आणि नक्की काय चुकतंय ते कळत नव्हतं म्हणून पुढच्या वेळी तोंडच उघडेना. मी त्यांना म्हटलं दिवसभरात काउंटरवर बोलता ती चार वाक्यं आधी मराठीत लिहा. त्यांनी लिहिलं: डॉक्टरांनी तुम्हाला उपाशीपोटी यायला सांगितलंय. सिस्टर तुम्हाला आत जाऊ देतील. त्यांनी मला पाऊण तास थांबायला लावलं. रिपोर्ट तुम्ही स्वतः घ्यायला यावं असं सरांना वाटतंय.

चारही वाक्यं एकाच जातीची आहेत बघा. एक माणूस आहे जो सांगतो, देतो, लावतो किंवा ज्याला वाटतं, आणि दुसरा माणूस आहे जो प्रत्यक्ष काम करणार आहे. दोन माणसं, दोन क्रियापदं. घरात, ऑफिसात, शाळेच्या ग्रुपवर आपण दिवसभर हेच बोलत असतो, अमक्याला फोन करायला सांग, पोरांना खेळू दे, त्याने लवकर यावं असं वाटतंय. त्यामुळे हा एक साचा पक्का झाला तर बोलताना अडकणं खूप कमी होतं, हे मी एवढ्या वर्षांच्या शिकवण्यावरून खात्रीने सांगतो.

शाळेत हे शिकवतात ते यादी पाठ करून. या क्रियापदांना टू लागतो, या क्रियापदांना लागत नाही, करा पाठ. यादी परीक्षेपर्यंत टिकते, काउंटरवर समोर माणूस उभा असताना आठवत नाही. माझं म्हणणं असं आहे की उत्तर बऱ्यापैकी आपल्या मराठी वाक्यातच असतं, क्रियापदाच्या शेपटीत. यायला, जाऊ, यावं, करवून, जाताना, या शेपट्या नीट ओळखल्या की इंग्रजीत काय करायचं ते कळतं. एकेक पायरी करत जाऊ.

पहिली पायरी: माणसं मोजा

वाक्य बोलायच्या आधी एवढंच बघा की काम करणारा कोण आहे. 'मला जायचंय' यात इच्छा माझी आणि जाणाराही मीच, एकच माणूस, म्हणून 'आय वॉन्ट टू गो'. 'त्याने जावं असं मला वाटतं' यात इच्छा माझी पण जाणारा तो, दोन माणसं, म्हणून 'आय वॉन्ट हिम टू गो'. दुसरा माणूस मधे येऊन बसला, बाकी काही बदललं नाही. हा मधला खण लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख या मधल्या माणसाबद्दलच आहे.

इथे मराठी माणसाची एक ठरलेली चूक होते. आपल्याकडे 'यावं असं वाटतं' अशी रचना आहे, त्यातला 'असं' आपण तसाच उचलून नेतो आणि म्हणतो 'आय वॉन्ट दॅट यू शुड कम'. इंग्रजीत वॉन्ट नंतर दॅट येत नाही. 'आय वॉन्ट यू टू कम', संपलं. जरा अदबीने म्हणायचं असेल तर 'आय वुड लाइक यू टू कम', अपेक्षा असेल तर 'आय एक्स्पेक्ट यू टू कम'. मराठीत शेवटी 'आवं' ऐकू आलं आणि मागे इच्छा किंवा अपेक्षा असली की हाच साचा.

दुसरी पायरी: शेवटचं क्रियापद उचला आणि पुढे आणा

ही गोष्ट मी बॅचला फळ्यावर करून दाखवतो तेव्हा लोकांचे चेहरे खुलतात म्हणून इथे सावकाश सांगतो. मराठी वाक्य घ्या: मी, राजूला, यायला, सांगितलं. चार तुकडे. आता शेवटचा तुकडा 'सांगितलं' उचला आणि 'मी'च्या लगेच पुढे नेऊन ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका. मी, सांगितलं, राजूला, यायला. आता इंग्रजी करा: आय, टोल्ड, राजू, टू कम. झालं वाक्य! राजू आणि येणं यांचा क्रम मराठीत होता तोच राहिला, फक्त शेवटच्या क्रियापदाने उडी मारली.

आणखी एक करून बघू. आईने, मला, पोहायला, शिकवलं. शिकवलं उचला. आई, शिकवलं, मला, पोहायला. 'मदर टॉट मी टू स्विम'. किंवा, बॅंकेने, आम्हाला, परत, यायला, सांगितलं. 'द बॅंक टोल्ड अस टू कम अगेन', यात 'परत' तेवढा शेवटी गेला. सुरुवातीला आठ दिवस कागदावर तुकडे पाडून करा, कंटाळा आला तरी करा, कारण नंतर तोंडातून आपोआप यायला लागतं.

तिसरी पायरी: 'ला' विसरा, पण माणसाचं रूप बदला

आपण 'राजूला' म्हणतो, आणि तो 'ला' डोक्यात असतो म्हणून इंग्रजीत पण एक 'टू' चिकटवतो, 'आय टोल्ड टू राजू टू कम', 'दे अलाउड टू मी टू गो'. या साच्यात मधल्या माणसाच्या आधी काही लागत नाही. टोल्ड राजू, अलाउड मी, आस्क्ड हर. 'ला' चं काम इंग्रजीत जागेनेच होतं, क्रियापदाच्या पुढे बसला म्हणजे त्याला ला लागलाच.

पण सर्वनाम असेल तर त्याचं रूप बदलतं. ही नाही हिम, शी नाही हर, दे नाही देम, वी नाही अस, आय नाही मी. 'आय वॉन्ट ही टू कम' असं होत नाही. चूक होते ती यामुळे की तो काम करणारा आहे ना, मग 'ही' म्हणावंसं वाटतं. मराठीत आपण तरी 'तो यायला सांगितलं' म्हणतो का? त्यालाच म्हणतो ना. तसंच आहे ते.

चौथी पायरी: दुसरं क्रियापद कोरंच राहतं

मधल्या माणसानंतरचं क्रियापद काळाप्रमाणे किंवा माणसाप्रमाणे कधीही बदलत नाही. काल घडलं असलं तरी नाही, माणूस एकटा असला तरी नाही. 'शी मेड हिम वेंट' नाही, 'शी मेड हिम गो'. 'आय टोल्ड हिम टू केम' नाही, 'टू कम'. 'लेट हिम स्पीक्स' नाही, 'लेट हिम स्पीक'. काळ दाखवायचं काम पहिल्या क्रियापदाने करून टाकलेलं असतं. टोल्ड म्हटलं की कालचं ठरलं. मराठीत पण बघा, 'यायला सांगतो', 'यायला सांगितलं', 'यायला सांगेन', तिन्हीत 'यायला' तस्संच आहे.

पाचवी पायरी, आणि हीच मुख्य: टू लावायचा की नाही

मराठीत 'यायला', 'करायला', 'बसायला' अशी 'यला' ची शेपटी असली की बहुतेक वेळा इंग्रजीत टू. सांगणं टेल, विनंती करणं आस्क किंवा रिक्वेस्ट, शिकवणं टीच, आठवण करून देणं रिमाइंड, बोलावणं इन्व्हाइट, भाग पाडणं फोर्स, हुकूम सोडणं ऑर्डर, तयार करणं म्हणजे समजावून राजी करणं पर्सुएड, प्रोत्साहन देणं एन्करेज, सल्ला देणं अॅडव्हाइज. 'रिमाइंड मी टू टेक द मेडिसिन', 'दे इन्व्हायटेड अस टू स्पीक', 'द डॉक्टर अॅडव्हाइज्ड हिम टू रेस्ट'. हे सगळे टू वाले, आणि इंग्रजीत या गटाचीच गर्दी आहे, त्यामुळे अगदीच काही आठवलं नाही तर टू लावा, बरोबर निघायची शक्यता जास्त.

बिनटूचा गट छोटा आहे. लेट, मेक, हॅव, आणि डोळ्या-कानाची क्रियापदं. मदतीचं हेल्प दोन्हीकडे चालतं. एवढेच. आता एकेकाला नीट भेटू.

लेट म्हणजे 'ऊ देणं'. जाऊ दे, करू दे, बोलू दे, बघू दे. मराठीत 'ऊ दे' ऐकू आलं की लेट, आणि टू नाही. 'लेट हिम गो', 'माय फादर डिडन्ट लेट मी गो'. हे तुम्हाला आधीपासून येतं बरं का, 'लेट मी नो' आणि 'लेट मी सी' आपण रोज टाइप करतो, कोणी 'लेट मी टू नो' लिहीत नाही. तोच कान इतर वाक्यांना लावा.

लेटचा मोठा भाऊ अलाऊ. अर्थ जवळजवळ तोच, करू देणं, पण अलाऊला टू लागतो. फोनमध्ये नवीन ॲप टाकलं की खाली चौकट येते ना, 'अलाऊ व्हॉट्सॲप टू सेंड यू नोटिफिकेशन्स?' किंवा 'अलाऊ मॅप्स टू अॅक्सेस धिस डिव्हाइसेस लोकेशन?' ती चौकट म्हणजे या साच्याचा धडाच आहे, अलाऊ, मग कोणाला, मग टू, मग काय करू द्यायचं. आपण न वाचता बटण दाबतो, पुढच्या वेळी एकदा मोठ्याने वाचा. घरात बोलताना लेट, नियम-परवानगीची भाषा असली की अलाऊ, असा साधारण फरक.

मेक म्हणजे 'यला लावणं'. आणि इथेच फसगत होते, कारण शेपटी 'यला' आहे म्हणून हात टू कडे जातो. 'त्यांनी मला थांबायला लावलं' म्हणजे 'दे मेड मी वेट'. टू नाही! वर सांगितलेल्या नियमाला हा एकच मोठा अपवाद आहे, म्हणून 'लावणं' हा शब्द दिसला की थांबा आणि टू खोडा. पण त्याच अर्थाचं फोर्स वापरलं तर मात्र टू येतो, 'दे फोर्स्ड मी टू वेट'.

मेकचा दुसरा उपयोग मला फार आवडतो. मराठीत हसणंचं हसवणं होतं, रडणंचं रडवणं, पळणंचं पळवणं, एक 'व' घातला की काम दुसऱ्याकडून होतं. इंग्रजीत तशी सोय फारशी नाही, तिथे मेक वापरतात. हसवलं म्हणजे 'मेड मी लाफ', रडवलं म्हणजे 'मेड हर क्राय'. 'तुला असं का वाटलं' हे सुद्धा इंग्रजीत फार सहज असं म्हणतात, 'व्हॉट मेड यू थिंक सो?'

काही जण विचारतात की आम्ही मेक नंतर टू वाचलाय, मग? वाचला असणार. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तेविसाव्या स्तोत्रात 'ही मेकथ मी टू लाय डाउन' असं आहे. जुन्या इंग्रजीत ते चालायचं, आजच्या बोलण्यात नाही.

हॅव आणि गेट, दोन्ही 'करवून घेणं' या अर्थाचे. प्लंबरकडून नळ दुरुस्त करवून घेतला: 'आय हॅड द प्लंबर फिक्स द टॅप', किंवा 'आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप'. हॅवला टू नाही, गेटला आहे. फरक असा की हॅव मधे त्याचं कामच आहे आणि आपण सांगितलं, गेट मधे थोडं मागे लागून, पटवून करून घेतलं असा वास येतो. तीन वेळा फोन केल्यावर आला असेल तर गॉटच म्हणा. आणि करणारा कोण हे महत्त्वाचं नसेल तर वस्तूच मधे बसते आणि क्रियापदाचं तिसरं रूप येतं, 'आय हॅड द टॅप फिक्स्ड'. हे न वापरल्यामुळे एक गंमतीशीर घोटाळा होतो, आपण मराठीत सरळ म्हणतो 'आज केस कापले', आणि त्याचं 'आय कट माय हेअर' करतो. ऐकणाऱ्याला वाटतं आरशासमोर कात्री घेऊन स्वतःच कापले. सलूनमधे कापून घेतले असतील तर 'आय हॅड माय हेअर कट'.

हेल्प बद्दल जास्त विचार करू नका. 'हेल्प मी कॅरी धिस' आणि 'हेल्प मी टू कॅरी धिस' दोन्ही बरोबर, बोलण्यात बिनटूचं जास्त ऐकू येतं, अमेरिकेत तर जास्तच.

डोळे आणि कान

सी, वॉच, हिअर, फील, नोटिस. यांच्यात टू येत नाही, पण दोन पर्याय असतात आणि निवड अर्थावर आहे. मराठीत हा फरक आपण करतोच, फक्त लक्ष दिलेलं नसतं. 'त्याला फॉर्मवर सही करताना पाहिलं' आणि 'त्याने फॉर्मवर सही केलेली मी पाहिली', दोन्हीत फरक आहे ना? पहिल्यात मी पाहिलं तेव्हा सही चालू होती, पुढे पूर्ण झाली की पेन बंद पडलं ते माहीत नाही. दुसऱ्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, साक्षीला उभा राहीन. 'करताना' असेल तर आयएनजी, 'आय सॉ हिम साइनिंग द फॉर्म'. 'केलेली पाहिली' असेल तर कोरं, 'आय सॉ हिम साइन द फॉर्म'. तसंच 'आय हर्ड हर सिंग' म्हणजे तिचं गाणं पूर्ण ऐकलं, 'आय हर्ड हर सिंगिंग' म्हणजे जाता जाता कानावर पडलं.

नकार कुठे बसवायचा

'त्याला येऊ नको म्हणून सांग.' इथे 'डोन्ट' डोक्यात येतो आणि 'टेल हिम टू डोन्ट कम' असं बाहेर पडतं. टू च्या आधी नुसता नॉट ठेवा, 'टेल हिम नॉट टू कम'. हे वाक्य वीस वेळा मोठ्याने म्हणा, नॉट टू, नॉट टू, जिभेला वळण लागलं पाहिजे.

आणि नकार कोणाचा आहे ते बघा. 'मी त्याला येऊ नको सांगितलं' म्हणजे सांगितलं, पण न येण्याचं, 'आय टोल्ड हिम नॉट टू कम'. 'मी त्याला यायला सांगितलंच नाही' म्हणजे सांगणंच झालं नाही, 'आय डिडन्ट टेल हिम टू कम'. लॅबमधे किंवा ऑफिसात या दोघांत गल्लत झाली तर भांडण होतं. लेट आणि मेक मधे नकार बहुतेक त्यांच्या आधीच येतो, 'डोन्ट लेट हिम गो', 'डोन्ट मेक मी वेट'.

वाक्य उलटं झालं की

आपल्याला थांबायला कोणी लावलं ते सांगायचं नसेल तर 'मला थांबायला लावण्यात आलं', आणि इथे मेकचा हरवलेला टू परत येतो. 'दे मेड मी वेट', पण 'आय वॉज मेड टू वेट'. दहावीच्या पॅसिव्हच्या प्रश्नात हे हमखास चुकतं म्हणून मुलांना आवर्जून सांगा. सी आणि हिअर चंही तसंच, 'ही वॉज सीन टू एंटर द बिल्डिंग'. लेटचं मात्र या साच्यात असं उलटं करत नाहीत, तिथे अलाऊ मदतीला येतो, 'आय वॉजन्ट अलाउड टू गो'.

या साच्यात न बसणारी मंडळी

आता परत त्या ताईंच्या वाक्याकडे. 'डॉक्टर सेड यू टू कम'. 'सेड' हा या साच्यात बसतच नाही. मला वाटतं ही चूक शाळेतल्या डायरेक्ट-इनडायरेक्ट मधून येते, तिथे मूळ वाक्यात 'द टीचर सेड टू मी, सिट डाउन' असं असतं आणि उत्तरात 'द टीचर टोल्ड मी टू सिट डाउन' होतं, आपल्या डोक्यात दोन्हीची खिचडी राहते. सांगणं असेल आणि पुढे माणूस असेल तर टेल.

सजेस्ट हा दुसरा. 'प्लीज सजेस्ट मी टू टेक' असं किती ठिकाणी वाचतो मी. 'ही सजेस्टेड टेकिंग अ ब्रेक' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय टेक अ ब्रेक'. माणूस मधे घालायचाच असेल तर अॅडव्हाइज वापरा, तो टू वाला आहे. ऑफिसच्या मेलमधे 'काइंडली इन्फॉर्म हिम टू कॉल मी' असतं, इन्फॉर्म म्हणजे माहिती देणं, काम सांगणं नाही, म्हणून 'प्लीज आस्क हिम टू कॉल मी'. एक्स्प्लेनला माणसाआधी टू लागतो, 'एक्स्प्लेन टू मी हाउ टू डू इट'. अडवणं असेल तर फ्रॉम आणि आयएनजी, 'द वॉचमन स्टॉप्ड मी फ्रॉम गोइंग इन', इथे 'टू गो' म्हटलं की चुकलंच. आणि होप नंतर माणूस आला तर पूर्ण वाक्य करा, 'आय होप यू कम', 'आय होप यू टू कम' नाही.

एक प्रॉमिस तेवढं वेगळं वागतं. 'आय प्रॉमिस्ड हर टू कम' यात येणारा मी आहे, ती नाही. बाकी सगळीकडे मधला माणूस काम करतो, इथे पहिला. गोंधळ नको म्हणून मी स्वतः 'आय प्रॉमिस्ड हर दॅट आय वुड कम' असंच शिकवतो.

आता हात चालवा

खालची वाक्यं आधी कागदावर करा, उत्तर झाकून. आजीने आम्हाला अंगणात खेळू दिलं. सरांनी त्याला सगळं परत लिहायला लावलं. तिने मला लाइट बिल भरायची आठवण करून दिली. तुम्ही उद्या यावं असं आम्हाला वाटतं. मी त्याला गेटमधून बाहेर पडताना पाहिलं. मुलांना गच्चीवर जाऊ नका म्हणून सांग.

उत्तरं अशी. 'ग्रॅंडमदर लेट अस प्ले इन द कोर्टयार्ड', ऊ दिलं म्हणून लेट. 'सर मेड हिम राइट एव्हरीथिंग अगेन', लावलं म्हणून टू गेला. 'शी रिमाइंडेड मी टू पे द लाइट बिल'. 'वी वॉन्ट यू टू कम टुमॉरो', दॅट नाही. 'आय सॉ हिम लीव्हिंग थ्रू द गेट', ताना आहे म्हणून आयएनजी. 'टेल द चिल्ड्रन नॉट टू गो टू द टेरेस'. शेवटच्यात 'टू डोन्ट' आलं असेल तर नकाराचा भाग परत वाचा आणि स्वतःच्या घरातली, स्वतःच्या कामावरची अशीच सहा वाक्यं मराठीत लिहून पुन्हा बसा, पुस्तकातली नकोत, कारण उद्या काउंटरवर तुम्हाला तीच बोलायची आहेत.